पंपघराच्या खिडक्या

आमच्या चढाच्या गल्लीत नळाला पाणी किती वाजता येतं, हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. संध्याकाळी येतं, एवढंच नक्की. पंपघराची टाकी भरली की मी वरच्या लाइनच्या झडपेचं चाक फिरवते, पंप सुरू करते, आणि त्याच्या जरा आधी कोपऱ्यातल्या खिडकीत टांगलेला बल्ब लावते. बल्ब लागला की समोरच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडतं, "दिवा लागला!" आणि ती आरोळी या घरातून त्या घरात करत चढाच्या वरच्या टोकापर्यंत जाते. मग झाकणं, बादल्या आणि पिंपांचा असा काही खणखणाट सुरू होतो की पंपाच्या घरघरीतही मला तो ऐकू येतो.

या बल्बाचा पाणीखात्याला पत्ता नव्हता. माझ्या आधीच्या पंपवाल्या काकांनी तो कधीतरी टांगला. निवृत्त होताना त्यांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या, बल्बाकडे बोट करून "एवढं सांभाळ" म्हणाले आणि गेले. मी सांभाळला. अंगात ताप असला तरी, घरी पाहुणे बसले असले तरी. गल्लीत मला सगळे पंपताई म्हणतात. कुणी दारात येऊन "आज कधी सोडणार?" असं विचारलं की मी सांगते, "खिडकीकडे बघा, माझ्या तोंडाकडे नको." राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमची आई म्हणते. असेना. मी लग्न केलं नाही ते त्यामुळेच. पंपाशी माझं जमलं, माणसाशी जमेल याची खात्री नव्हती.

तर अशा या माझ्या पंपघराच्या खिडक्यांत चित्रं बसणार, तीही रोज संध्याकाळी आतून उजळणारी, ही बातमी मला कुणी द्यावी? कोपऱ्यावरच्या न्हाव्याने.

"पंपताई, अभिनंदन! काम घरातच आलं की तुमच्या," गिऱ्हाइकाच्या गालाला साबण तसाच ठेवून तो दुकानाबाहेर आला.

"कसलं काम?"

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही? शहरातल्या जुन्या इमारती सजवायच्या म्हणे. पंपघराच्या खिडक्या तुमच्या भावजयीला मिळाल्यात. यादीत नाव लागलंय तिचं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी पोचेपर्यंत मी रस्त्यातल्या एकाही माणसाकडे बघितलं नाही.

आमची भावजय म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. चार वर्षांपूर्वी आमच्या घरात आली. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या कारखान्यात ती प्लास्टिकच्या जाड पत्र्यांतून अक्षरं कापायची. 'औषधे', 'प्रवेश बंद', 'आत या' असलं काहीतरी दिवसभर कापायची, आणि घरी आली की मागच्या गॅलरीत बसून फुटक्या तावदानांवर चित्रं काढायची. काच उलटी धरायची आणि मागच्या बाजूने रंगवायची, म्हणजे पुढून बघणाऱ्याला चित्र सुलटं आणि चकचकीत दिसतं. आई म्हणायची, "सूनबाई, तुकडे कुणाच्या पायात जातील गं." मी म्हणायचे, "गॅलरीत कपडे कुठे वाळत घालायचे?" तिच्या चित्राबद्दल आमच्या घरात झालेली चर्चा ही एवढीच.

"माझ्या पंपघराचं काम घेतलंस, आणि मला विचारलं नाहीस?" मी दारातूनच सुरुवात केली.

ती कांदा चिरत होती. "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, ताई."

"म्हणालेच असते!"

"म्हणून नाही विचारलं."

आई तोंडाला रुमाल लावून हसायला लागली. माझा भाऊ पाणी प्यायच्या निमित्ताने उठून आत गेला. अशा वेळी त्याला फार तहान लागते.

"आणि कारखान्याचं काय?" मी विचारलं.

"सोडला. चित्रं करायला दिवसाचा उजेड लागतो." तिने सुरी खाली ठेवली नाही. "समिती बघायला येणार आहे. त्यांना पसंत पडली तर चित्रं कायम राहतील, आणि पुढच्या दोन इमारतीही मलाच मिळतील. नाही पडली तर उतरवून न्यायची. मालकांनी सोमवारपर्यंत माझी जागा ठेवलीय. मग सोमवारपासून परत अक्षरं."

"आणि गॅलरीतलं दुकान?"

"ते बंद. रंगांची पेटी कुणाला तरी देऊन टाकीन. फुटक्या काचा आणि उरलेले रंग, हे किती वर्षं करायचं? एकदा लोकांनी बघावं म्हणून करून बघते. नाही जमलं तर नाही."

हे ती अगदी शांतपणे बोलली. ती रडली असती तर मी समजूत घातली असती, भांडली असती तर भांडले असते. या शांतपणाची मला भीती वाटली. ही पोरगी जे बोलते ते करते, एवढं चार वर्षांत मला कळलं होतं.

मग काम सुरू झालं. पंपघराला रस्त्याच्या बाजूने सात उंच खिडक्या आहेत. त्यांच्या काचा इतक्या मळक्या होत्या की आत काय आहे ते गल्लीला कधीच दिसलं नव्हतं. भावजय रोज एकेक मोठी काच रंगवून आणायची, भाऊ शिडी धरायचा, आणि वायरमन मागे दिव्यांच्या पट्ट्या बसवायचा. मी हुकूम सोडत होते. चाकाजवळ पाय ठेवायचा नाही. तेलाच्या डब्यावर रंगाचा डबा ठेवायचा नाही. माझ्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. कोपऱ्यातला माझा बल्ब कुणी हलवायचा नाही, हे तर मी दोनदा सांगितलं. चित्रांकडे मी बघत नाही असं दाखवत होते, आणि ती जेवायला गेली की जवळ जाऊन बघत होते.

चित्रं पाण्याची होती. म्हणजे नदी, समुद्र असलं काही नाही. आपलं घरातलं पाणी. एका खिडकीत गाल फुगवून गुळण्या करणारा माणूस. एकीत बादलीवर वाकून केस धुणारी बाई, फेस थेट कोपरापर्यंत. एकीत एकाच टबात कोंबलेली दोन पोरं. एक आजोबा भल्यामोठ्या झारीने एवढ्याशा रोपाला पाणी घालतायत. एक मांजर बशीतलं पाणी पितंय आणि कुणी बघत नाही ना म्हणून डोळा तिरका करून बघतंय. एक माणूस सायकल अशी धुतोय की तिला बरं वाटावं. आणि कोपऱ्यात नुसता नळ, खाली रिकामी बादली आणि नळाच्या तोंडाशी एक टपोरा थेंब. ही सगळी आमच्याच गल्लीतली माणसं होती हे सांगायला नको. मांजरसुद्धा धोबिणीचंच होतं.

चांगली होती चित्रं. फार चांगली होती. हे मी तिला तेव्हाच म्हणायला हवं होतं, पण माझ्या तोंडून निघालं ते असं: "केस धुणारीचा हात जरा लांब झालाय."

"हो ताई," ती म्हणाली. "मलाही वाटलं."

समिती येण्याच्या आदल्या संध्याकाळी दिवे लावून बघायचं ठरलं. वायरमनने बटण दाबलं आणि सातही खिडक्या एकदम उजळल्या. बाहेरून कसं दिसतंय ते मी बघितलं नाही, कारण माझं लक्ष टाकीच्या काट्याकडे होतं. टाकी अजून भरायची होती.

आता बघा काय झालं ते. गल्लीला गेली कित्येक वर्षं एकच गोष्ट माहीत होती. पंपघराच्या खिडकीत दिवा म्हणजे पाणी. तिथे आज एक नाही, सात खिडक्या पेटल्या. समोरच्या गच्चीवरून आरोळी उठली, "दिवा लागला! सगळे लागले!" चढभर घबराट पसरली. एवढे दिवे म्हणजे मोठं पाणी. कुणी म्हणालं, उद्यापासून पाणी बंद असणार, म्हणून आज जास्त सोडतायत. घराघरांतले सगळे नळ एकदम उघडले गेले. स्वयंपाकघरातले, न्हाणीघरातले, अंगणातले, जे वर्षभर कुणी उघडत नाही तेसुद्धा. नळांनी नुसतं फुस्स केलं. लोकांनी थोडी वाट बघितली, आणखी थोडी बघितली, आणि मग नळ तसेच उघडे टाकून सगळे चढ उतरून पंपघरासमोर जाब विचारायला आले.

आले ते जाब विचारायला आणि उभे राहिले चित्रं बघत. न्हाव्याने गुळण्या करणाऱ्यात स्वतःला ओळखलं आणि गाल फुगवून दाखवले. धोबीण मांजराला उचलून काचेसमोर धरायला लागली. हशा, टाळ्या, "अगं ही तर तू!" आणि "माझं पोट एवढं सुटलंय?" असा सगळा गोंधळ चालू होता. भावजय गर्दीच्या मागे भिंतीला टेकून उभी होती आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, असं मला नंतर भावाने सांगितलं.

नेमका त्याच वेळी काटा वर आला. मी नेहमीप्रमाणे उठले, नेहमीप्रमाणे बल्ब लावला, नेहमीप्रमाणे चाक फिरवून पंप सुरू केला. झगमगणाऱ्या सात खिडक्यांमागे माझा पिवळा बल्ब कुणाला दिसणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप चालले. गल्लीतली सगळी माणसं रस्त्यावर, सगळी घरं रिकामी, सगळे नळ उघडे, आणि मी खुशाल पाणी सोडून खुर्चीत बसले.

पहिली चप्पल धोबिणीच्या पायाला लागली. चढावरून तरंगत आली होती. तिच्यामागून दुसरी आली, मग एक पोळपाट, मग एका पोराची चित्रकलेची वही. लोकांनी वर बघितलं तर जिन्याजिन्यांतून पाणी उड्या मारत खाली येत होतं. काय पळापळ झाली म्हणता! न्हाव्याच्या दुकानात गुडघाभर फेस झाला, कारण साबणाचा डबा खालीच होता. शिंप्याकडच्या कापडांचे गठ्ठे भिजून चिंब. मला कुणीतरी दार ठोठावून सांगेपर्यंत टाकी तळाला गेली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वस्तीला प्यायलाही पाणी राहिलं नाही.

सकाळी खात्याचे साहेब आले. साहेब माणूस वाईट नाही, पण ते राहतात खात्याच्या वसाहतीत, जिथे नळ कधीही उघडा, पाणी हजर. खालच्या वस्तीच्या तक्रारींनी त्यांचा फोन तापला होता. पंपघरासमोर गल्ली जमली. लोक भिजलेल्या गाद्या कठड्यांवर टाकून आले होते.

"एकाच वेळी अख्ख्या गल्लीने नळ उघडले? का?" साहेबांनी विचारलं.

मी लोकांकडे बघितलं, लोक माझ्याकडे बघत होते. बल्बाचं नाव काढलं तर बल्ब जाणार आणि माझ्यावर ठपका येणार, हे प्रत्येकाला कळत होतं. मग न्हाव्याने घसा साफ केला.

"चित्रांमुळे, साहेब."

"चित्रांमुळे?"

"हो ना," धोबीण म्हणाली. "झगमगाट बघून आम्ही गोंधळलो."

"चित्रांमुळेच," शिंपी म्हणाला, आणि मग सगळ्यांनी एका सुरात तेच म्हटलं. काल टाळ्या वाजवणारी हीच माणसं. राग तरी कसा धरायचा? ते मलाच वाचवत होते.

साहेबांनी भावजयीकडे बघितलं. "तुमचं काय म्हणणं आहे?"

तिला बल्बाचं सगळं माहीत होतं. रोज तोच बघून ती पिंप भरत होती. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

"चूक माझीच आहे," ती म्हणाली. "उतरवून घेते."

"समितीला मी कळवतो मग," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन काढला.

माझं डोकंच फिरलं. साहेबांवर नाही, गल्लीवर नाही, तिच्यावर. ही कालची पोरगी माझ्यासाठी स्वतःच्या पोटावर पाय आणते, आणि तेही मला न विचारता!

"ठेवा तो फोन!" मी ओरडले. "चित्रांनी काही केलेलं नाही. या गल्लीत पाणी येतं ते खिडकीतला दिवा बघून. तो दिवा मी लावते. रोज लावते. काल सात खिडक्यांत तो कुणाला दिसला नाही, म्हणून लोकांच्या चपला तरंगल्या. आणि तू गं, माझ्या वतीने माफी मागायला तुला कुणी सांगितलं होतं?"

साहेबांनी फोन खाली घेतला. "दिवा? कसला दिवा? पाणी सोडल्याची अशी खूण करायची परवानगी तुम्हाला कुणी दिली, बाई?"

"कुणीच नाही."

"मग तो आजपासून बंद."

"खबरदार!"

हा आवाज माझा नव्हता. गर्दीतून काठी टेकत एक म्हातारी पुढे आली. चढाच्या अगदी वरच्या टोकाला एकटी राहते, आणि काल तिची गादी सगळ्यात आधी भिजली होती. साहेबांचा चेहरा पडला. ते दोन पावलं मागे सरले.

"आई, तुम्ही कशाला आलात खाली?"

तेव्हा गल्लीला कळलं की ही साहेबांची सासू.

"कशाला म्हणजे? जावईबापू, तुमच्याकडे चोवीस तास नळ वाहतो. मी तिथे वरती खुर्ची टाकून त्या खिडकीकडे बघत बसते, म्हणून माझ्या घरात चहाला पाणी असतं. दिवा बंद केलात तर रोज संध्याकाळी तुम्ही यायचं आणि दोन बादल्या भरून द्यायच्या. आहे कबूल?"

गल्ली इतकी हसली की साहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी रुमालाने मान पुसली. "पण आई, दिवा किंवा चित्रं, एक तरी सोडावं लागेल. दोन्ही ठेवले तर काल झालं तेच रोज होणार."

भावजय खिडक्यांकडे बघत होती. मला वाटलं, आता ही परत त्याग वगैरे करणार. पण ती भराभर बोलायला लागली.

"एक सोडायचं नाही, साहेब. एक वेगळं करायचं. सहा खिडक्या रोज संध्याकाळी लागू देत, त्यांचा पाण्याशी संबंध नाही. कोपऱ्यातली नळाची खिडकी त्या बटणावरून तोडते आणि ताईंच्या बटणाला जोडते. ती अंधारीच राहील. पाणी सोडलं तरच लागेल."

"आज संध्याकाळी समितीसमोर तुमची एक खिडकी अंधारी राहिली तर?" साहेबांनी विचारलं.

"राहू देत," ती म्हणाली.

साहेब म्हणाले, "मला यातलं काही ऐकू आलं नाही," आणि सासूबाईंना हात देऊन चढ चढू लागले.

दुपारभर वायरमन आणि भावजय खपत होते. माझा बल्ब मी स्वतःच्या हाताने उतरवला. कुणाला काढू दिला नाही.

संध्याकाळी समिती आली. दोन गंभीर गृहस्थ, आणि त्यांची प्रमुख म्हणून पांढऱ्या केसांच्या, जाड चष्म्याच्या एक बाई. गल्ली नटूनथटून उभी होती. न्हाव्याने तर आज स्वतःचीच दाढी केली होती. सहा खिडक्या उजळल्या. प्रमुखबाई एकेका खिडकीसमोर थांबत, चष्मा वरखाली करत बघत गेल्या आणि सातवीसमोर उभ्या राहिल्या. तिथे अंधार.

मी दार किलकिलं करून ऐकत होते.

"ही बिघडलीय का?" एका गृहस्थांनी विचारलं.

"नाही," भावजय म्हणाली. "पाणी आलं की लागते."

"मग पाणी कधी येणार?"

"टाकी भरली की."

त्यांनी घड्याळात बघितलं. दुसऱ्यांनीही बघितलं. मी काट्याकडे बघितलं. आदल्या रात्री टाकी तळाला गेलेली, त्यामुळे आज काटा हट्टी बैलासारखा जागचा हलेना. बाहेर ताटकळणं सुरू झालं. कुणी खोकलं, कुणाचं पोर रडायला लागलं. "आम्हाला अजून दुसरीकडे जायचंय," असं गृहस्थ म्हणाले ते मी स्पष्ट ऐकलं. साहेब दाराशी आले आणि हळूच म्हणाले, "बाई, नुसतं बटण दाबा ना. पाण्याचं मागाहून बघू."

माझं बोट बटणावर होतं. खोटं कशाला बोलू, मी दाबणारच होते. एक बटण, आणि पोरीचं काम झालं असतं. पण हा दिवा पाण्याशिवाय मी एकदाही लावला नव्हता. काल गल्ली फसली ती चुकून. आज मी जाणूनबुजून फसवणार होते.

दार ढकलून भावजय आत आली. तिचे डोळे माझ्या बोटावर गेले.

"ताई, पाणी नसताना लावू नका."

"ते निघून जातील गं."

"जाऊ देत. आपल्या आई कालपासून म्हणतायत, पाणी येईल का म्हणून. त्या गच्चीत उभ्या आहेत, या खिडकीकडे बघत. त्यांना काय सांगू मी, चित्रासाठी खोटा लावला?"

मी बोट काढलं. आम्ही दोघी काट्यासमोर उभ्या राहिलो. तिने माझा हात कधी धरला कळलं नाही, पण चांगला घट्ट धरला होता. बाहेर गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मला रडू फुटायच्या बेतात होतं. आणि काटा हलला. आधी केसभर, मग बोटभर, आणि खुणेला येऊन टेकला.

मी बटण दाबलं. चाकाला दोघींनी हात घातला, पंपाने हुंकार दिला, आणि बाहेर कोपऱ्यातल्या खिडकीत नळ, बादली आणि तो थेंब उजळला.

"दिवा लागला!"

क्षणभर टाळ्या झाल्या असतील नसतील. त्यानंतर जे झालं ते मी दारात उभी राहून डोळ्यांनी पाहिलं. अख्खी गल्ली पाठ फिरवून चढावर पळत सुटली. न्हावी पळाला, शिंपी पळाला, धोबीण एका हातात मांजर आणि दुसऱ्या हाताने पायघोळ झगा सावरत पळाली. साहेबसुद्धा "आईंची बादली!" म्हणत पळाले. उजळलेल्या सात खिडक्यांसमोर समितीचे तिघेजण उरले, आणि त्यांच्या भोवती रिकामा रस्ता.

मी भावजयीकडे बघितलं. मला वाटलं, आता ही कोसळणार. आयुष्यात पहिल्यांदा हिची चित्रं समितीपुढे आली आणि लोक पळून गेले.

"ताई," ती म्हणाली, "आपलं पिंप रिकामं आहे. आईंच्याने भरायचं नाही ते." आणि तीही पळाली.

गृहस्थांपैकी एकजण म्हणाले, "हा काय प्रकार आहे?"

प्रमुखबाई वळून चढाकडे बघत होत्या. वर एकेका खिडकीत दिवे लागत होते, नळांखाली बादल्या वाजत होत्या, माणसं एकमेकांना हाका मारत होती. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"मी आजवर पुष्कळ चित्रं लोकांसमोर ठेवली," त्या म्हणाल्या. "लोक बघतात, छान म्हणतात आणि विसरतात. चित्र लागलं म्हणून कामाला पळालेली माणसं मी आज पहिल्यांदा बघतेय." मग त्या माझ्याजवळ आल्या. "चित्रं इथेच राहतील. कायम. आणि पुढच्या दोन इमारतीही तिलाच. कुठे आहे ती?"

"पाणी भरायला गेलीय."

"मग तुम्हीच सांगा तिला."

सांगणार कशी? पंप चालू असताना मला जागा सोडता येत नाही. मी रस्त्यात आले, हातांचा कर्णा केला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "कायम झाली! तिची चित्रं कायम झाली!" न्हाव्याने ते दुकानाच्या दारातून धोबिणीला सांगितलं, धोबिणीने शिंप्याला, शिंप्याने वरच्या गच्चीला. "कायम झाली!" करत ते चढ चढत गेलं. थोड्या वेळाने वरून उत्तर उतरत आलं.

"ती म्हणतेय, ऐकू येत नाही! नळ चालू आहे!"

मी परत ओरडले. घसा फुटेपर्यंत ओरडले. चार वर्षांत मी तिच्यावर पुष्कळ ओरडले होते, तिच्यासाठी पहिल्यांदाच ओरडत होते. या वेळी अख्खा चढ माझ्या जोडीला ओरडला. मग जरा वेळाने वरच्या टोकावरून निरोप आला.

"पंपताई, तुमची भावजय रडतेय!"

"पिंप भरलं का?"

"वाहून चाललंय! ती तशीच रडतेय!"

"अगं, नळ बंद कर म्हणावं तिला!" मी ओरडले आणि आत येऊन दार लावलं, कारण माझेही डोळे वाहायला लागले होते आणि बाहेर समिती उभी होती.

काटा खाली आला होता. पंप थांबवून चाक फिरवायची वेळ झाली होती. मी चाकाला हात लावला आणि तसाच ठेवला. म्हटलं, वाहू दे आज जरा.